अण्णांबरोबर जिव्हर्नीला

फ्रान्समधलं जिव्हर्नी बघायला कधी गेलात तर एवढं लक्षात ठेवा, सोमवारी जाऊ नका. आम्ही सोमवारी गेलो.

आम्ही म्हणजे मी, माझे सासरे आणि माझी बारा वर्षांची लेक रेवा. २००८ सालचा जुलै. माझा नवरा अमोल ऐनवेळी गळाला, कारण त्याच्या प्लांटमध्ये काहीतरी बिघडलं आणि त्याची रजा रद्द झाली. "तुम्ही जा," तो म्हणाला. "अण्णांचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय. पुन्हा कधी येणार ते?" त्यामुळे सहाशे किलोमीटर गाडी चालवायचं काम माझ्याकडे आलं आणि सगळ्या मोहिमेचं नेतृत्वही.

अण्णा सांगलीच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटला बसलेली सांगलीतली अर्धी पोरं त्यांच्या हाताखालून गेली. त्यांच्या वर्गात फळ्याशेजारी कॅलेंडरमधून कापलेलं एक चित्र लावलेलं असायचं. तळं, तळ्यात फुलं, मागे कमानदार हिरवा पूल. ते तळं खरोखर आहे, जिव्हर्नी नावाच्या गावात आहे, चित्रकारानं ओढ्याचं पाणी वळवून ते स्वतः करून घेतलं आणि मग तीसेक वर्षं तिथेच राहून तेच तळं पुन्हा पुन्हा रंगवलं, हे अण्णांना पुढे कधीतरी कळलं. तेव्हापासून ते गाव त्यांच्या डोक्यात होतं. त्या चित्रकाराच्या नावाचे आमच्या घरात तीन उच्चार आहेत. रेवाचा फ्रेंच, माझा जर्मन आणि अण्णांचा सांगलीचा. भांडण नको म्हणून आम्ही सगळे त्याला 'तळेवाले' म्हणतो. इथेही तेच चालवते.

राहतो आम्ही लुडविग्सहाफेनला. ऱ्हाइनकाठचं हे गाव सुंदर आहे असं इथे राहणारेसुद्धा म्हणत नाहीत. मैलच्या मैल केमिकलचा कारखाना आहे आणि मी त्याच्याच एका लॅबमध्ये रंगांचं काम करते. चित्रातल्या रंगांचं नव्हे, बादल्या, खुर्च्या, गाडीचे डॅशबोर्ड यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळायच्या रंगांचं. दिवसभर ठरावीक दिव्याखाली दोन निळे शेजारी ठेवायचे आणि त्यांच्यातला फरक शोधायचा.

अण्णा मे महिन्यात आले तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस स्केचबुक घेऊन गावभर फिरेल. ते मात्र बाल्कनीत बसून असायचे. एकटे खाली जायला नको म्हणायचे. "इथली वाहनं उलट्या बाजूनं येतात गं," हे कारण. आम्हाला ते पटलं.

रविवार

निघताना अण्णांनी पासपोर्ट शर्टाच्या खिशात ठेवला, वर सेफ्टी पिन लावली. फ्रान्सच्या सीमेवर दाखवायला लागेल म्हणून. झारब्र्युकनच्या पुढे सीमा कधी आली आणि गेली ते मलाही कळलं नाही. मोबाइलवर फ्रेंच कंपनीचा मेसेज आला तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, आलं फ्रान्स."

"आलं? कुठाय?"

"मागे गेली सीमा."

"कोणी विचारलं नाही?"

"कोणी नव्हतंच तिथे."

त्यांनी निराश होऊन पिन काढली. सांगलीहून मिरजेला जातानासुद्धा जकात नाका लागायचा, असं म्हणाले.

जर्मनीतला आउटोबान आणि फ्रान्सचा हायवे यांतला फरक असा, की जर्मनीत लोक तुमच्या मागे येऊन दिवे दाखवतात आणि फ्रान्समध्ये दर थोड्या वेळानं टोल घेतात. बाकी गहूच गहू. रीम्सच्या आसपास आम्ही एका राश्टप्लात्सवर, म्हणजे हायवेकाठच्या थांब्यावर, डबे उघडले. दशम्या, बटाट्याची भाजी, ठेचा. शेजारच्या टेबलावर एक फ्रेंच कुटुंब रीतसर टेबलक्लॉथ अंथरून जेवत होतं. थर्मॉसमधला चहा ओतताना अण्णांनी कप भरला, मग बशी भरली आणि मग टेबल भरलं. रेवानं टिश्यू पुढे केला. मी म्हटलं, लांबचा प्रवास आहे, दमले असतील.

आमची राहायची सोय जिव्हर्नीजवळ व्हेर्नोनला होती. सेन नदीच्या काठावरचं छोटं गाव, मोडक्या पुलाच्या कमानींवर चढून बसलेली एक जुनी गिरणी आणि तिथून दोन गल्ल्या आत मादाम ओदीलचं घर. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. सत्तरीच्या, सडसडीत, बागेची कात्री कायम एप्रनच्या खिशात. त्यांना फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं. आमच्याकडे रेवाचं एक वर्षाचं शाळेतलं फ्रेंच होतं. मादाम फ्रेंचमध्ये बोलायच्या, रेवा ते मला जर्मनमध्ये सांगायची, मी ते अण्णांना मराठीत सांगायची. रेवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. उलट अण्णा मराठीत बोलून मध्येच "गेनाऊ" म्हणायचे. हा जर्मन शब्द त्यांना फार आवडला होता. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. समोरच्याचं काही न कळलं तरी गेनाऊ म्हटलं की तो खूश होतो, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

सोमवार

सकाळी कॉफी आली ती बाऊलमध्ये. चमचा नाही, कान नाही, दोन्ही हातांनी धरायचा सरळ बाऊल. मादामनी लोणी लावलेला ब्रेड त्यात बुडवला. अण्णांचा चेहरा खुलला. "अगं, ही माणसं आपल्यातली आहेत. जर्मनीत खारी बुडवली तर लोक बघत राहतात."

साडेनऊला आम्ही बागेच्या दारात. दार बंद, आणि आश्चर्य म्हणजे रांगही नाही. मला वाटलं, आपण लवकर आलो. रेवानं पाटी वाचली आणि माझ्याकडे न बघता जर्मनमध्ये म्हणाली, "आई, सोमवारी बंद असतं."

बारा वर्षं जर्मनीत राहून मी प्रत्येक प्रवासाची फाइल करायला शिकले आहे. या प्रवासाचीही होती. नकाशे, बुकिंग, जवळचं हॉस्पिटल, सगळं. आणि त्या फाइलीतल्या तिसऱ्या कागदावर बागेच्या वेळा छापलेल्या होत्या, सोमवारसकट. मी तिथे उभ्या उभ्या तो कागद वाचला.

"अण्णा, चुकलं माझं."

"असू दे. तळं कुठे जातंय?" ते म्हणाले. "उद्या आहोतच की."

मग आम्ही गावातून फिरत निघालो. जिव्हर्नी म्हणजे एक लांब गल्ली. दगडी भिंती, भिंतींवरून बाहेर वाकलेले होलीहॉक, प्रत्येक दारात गुलाब. गल्लीच्या टोकाला चर्च आणि तिथेच तळेवाल्यांची समाधी. आम्ही तिथे जाऊन नमस्कार केला. परतताना ऊन चढलं होतं. रेवा पुढे, मी मागे पर्समध्ये चष्मा शोधत होते. समोरून घंटी ऐकू आली. चांगली दोनतीनदा वाजली. अण्णा मान वर करून शांतपणे रस्ता ओलांडत राहिले. मी ओरडले तेव्हा उशीर झाला होता. सायकलवरच्या माणसानं त्यांना चुकवायला हँडल वळवलं आणि तो सायकलीसकट कुंपणात गेला. टोपलीतले लांबलचक पाव रस्त्यावर सांडले.

तो उठला आणि बोलायला लागला. बराच वेळ बोलला. मी रेवाला विचारलं, "काय म्हणतोय?"

"मी याचं भाषांतर करणार नाही," रेवा म्हणाली.

अण्णा हात जोडून उभे होते. त्या माणसाचं बोलणं हळूहळू कमी झालं. त्यानं अण्णांकडे नीट पाहिलं, मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि एकदम आवाज खाली आणून काहीतरी म्हणाला. आम्ही पाव गोळा करून दिले. त्यानं त्यातला एक झाडला आणि अण्णांच्याच हातात दिला. तो गेल्यावर मी रेवाला विचारलं, शेवटी काय म्हणाला? "म्हणाला, आजोबांना एकटं सोडू नका."

"उन्हातून एकदम आला," अण्णा म्हणाले. पण तो उन्हातून आला नव्हता. भिंतीच्या सावलीतून, लालभडक जर्सी घालून समोरून आला होता.

दुपारी जेवायला एका छोट्या हॉटेलात गेलो. अण्णा अंडं खातात, मांस नाही. मेन्यूत भरलेले टोमॅटो होते. रेवा म्हणाली, टोमॅटो हा शब्द मला नक्की येतो. भरलेले म्हणजे आपल्या भरल्या वांग्यांसारखं, असं मी धरून चालले. फ्रेंच माणूस भाजी भरतो ती खिम्यानं, हे पहिला टोमॅटो कापल्यावर कळलं. अण्णांनी ताट अलगद रेवाकडे सरकवलं आणि सकाळचा अपघाती पाव, बकरीचं चीज आणि पिशवीतलं मेतकूट असं जेवण केलं. चांगलं लागलं म्हणाले. मीही खाऊन बघितलं. खरंच चांगलं लागतं.

जेवणानंतर सेनच्या काठी पॉपलरच्या सावलीत बसलो. रेवा पाण्यात पाय सोडून बसली आणि अण्णांनी, जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदा, रंग बाहेर काढले. मला बरं वाटलं. पण बघता बघता मी अस्वस्थ झाले. ट्यूबा त्यांनी एका ओळीत मांडल्या होत्या आणि रंग घेताना ते त्या मोजत होते. डावीकडून बोटानं एक, दोन, तीन. मधली एक ट्यूब घरंगळून गवतात गेली, ती रेवानं उचलून भलत्याच जागी ठेवली. अण्णांनी मोजून तिसरी घेतली आणि आकाश रंगवायला सुरुवात केली. गर्द जांभळं.

रंगातला फरक बघण्याचाच मला पगार मिळतो. मला न बघता येईना.

"अण्णा, हा कुठला रंग घेतलात?"

"आकाश आहे ना? निळा."

"हा जांभळा आहे."

ब्रश थांबला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग ब्रश पाण्यात टाकला.

"पकडलं तर तूच पकडशील असं वाटलंच होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"डावा चार वर्षं झाली. उजवा दोन. मोतीबिंदू आहे. पिकलाय म्हणतो डॉक्टर. पिकायला तो काय आंबा आहे?"

"मग ऑपरेशन का नाही केलं? अण्णा, हल्ली वीस मिनिटांचं काम आहे ते."

"सगळे हेच सांगतात. डोळा जायलाही तेवढी वीस मिनिटं पुरतात." ते चाचपून ट्यूबांना झाकणं लावू लागले. "आमच्या दादाचं झालं होतं. नेत्रशिबिरात, पासष्ट साली. पट्टी काढली त्या दिवशी मीच शेजारी होतो. पू झाला होता. डोळा गेला तो गेलाच. मी मास्तर माणूस, दुसरं काही येत नाही मला. धुरकट का होईना, दिसतंय. हातचं घालवून बसलो तर?"

ते शिबिर मी या जगात यायच्याही आधीचं होतं, आता तसं राहिलेलं नाही, हे सगळं मी मनातल्या मनात जुळवत होते. पण तो पट्टीचा दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"म्हणून इकडे आलात?"

"हो. पूर्ण मिटायच्या आत एकदा तळं बघून घ्यावं म्हटलं. अमोलला सांगू नकोस. तो उद्याच्या उद्या मला उचलून दवाखान्यात नेईल."

मी हो म्हटलं आणि त्याच क्षणी त्याचा पश्चात्ताप झाला. संध्याकाळी अमोलचा फोन आला. "मजा येतेय ना? अण्णा खूश?" मी म्हटलं, खूश आहेत. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी त्याच्याशी सहसा खोटं बोलत नाही. आवाजावरून त्याला कळेल असं वाटलं, पण लाइन खराब होती.

मादामनी संध्याकाळी आमच्यासाठी बटाट्याचं ऑम्लेट केलं. जुलैत इथे सात वाजता लख्ख ऊन असतं. अंगणात बसून खाताना त्यांनी विचारलं, बाग बंद होती ना? मग कात्री हलवत तळेवाल्यांबद्दल सांगू लागल्या. रेवा घास थांबवून ऐकत होती, मग माझ्याकडे वळली. "आई, त्या म्हणतात की म्हातारपणी त्याच्या डोळ्यांत धबधबा झाला होता."

"काय झाला होता?"

रेवानं मादामना पुन्हा विचारलं. "काताराक्त. म्हणजे धबधबा. आम्हाला भूगोलात होता हा शब्द."

मी अण्णांकडे पाहिलं. मी मराठीत सांगायच्या आतच त्यांना उमगलं असावं, कारण मादाम स्वतःच्या डोळ्यांपुढे हात धरून धुरकट, धुरकट अशी बोटं हलवत होत्या.

"मोतीबिंदू," मी म्हटलं. "फ्रेंचमध्ये धबधबा आणि मोतीबिंदूला एकच शब्द आहे."

अण्णा इतक्या मोठ्यानं हसले की मादाम दचकल्या. "तळेवाल्यांना पण?" हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग त्यांनी काय केलं?"

प्रश्न मराठीतून जर्मनमध्ये, जर्मनमधून फ्रेंचमध्ये गेला आणि उत्तर तसंच परत आलं. वर्षानुवर्षं टाळलं. घाबरत होता. ऑपरेशन बिघडलेली माणसं त्याला माहीत होती. आणि त्या काळात काढलेली चित्रं पॅरिसला एका संग्रहालयात आहेत, ती बघितल्याशिवाय जाऊ नका.

"गेनाऊ," अण्णा हळूच म्हणाले. या वेळी त्यांना ते सगळं कळलं होतं.

मंगळवार

मंगळवारी रांग होती, आणि कशी! सोमवारचे सगळे हुकलेले लोक त्यात असावेत.

आधी घर लागतं. गुलाबी भिंती, हिरव्या खिडक्या. आत जेवणाची खोली सगळी पिवळी, खुर्च्यासुद्धा. स्वयंपाकघरात निळ्या फरशा आणि तांब्याची भांडी ओळीनं टांगलेली. चिंच लावून घासली असती तर आणखी चमकली असती, हे माझं मत. घरापुढची बाग म्हणजे फुलांची नुसती दाटी. जर्मनीत शेजाऱ्यांच्या बागेत प्रत्येक रोप आपापल्या जागेत उभं असतं. इथे डेलिया गुलाबात शिरलीय, झिनिया वाटेवर आलीय. अण्णा प्रत्येक वाफ्याशी वाकून, नाकाजवळ नेऊन फूल ओळखत होते आणि बहुतेक बरोबर ओळखत होते.

तळं रस्त्याच्या पलीकडे आहे. खालून एका बोगद्यासारख्या वाटेनं जायचं. बाहेर पडलं की बांबू, मग झुकलेल्या विलोच्या झिरमिळ्या आणि मग ते. पाणी, पाण्यात आकाश आणि आकाशावर तरंगणारी पानं. चित्र बघून गेलं तरी माणूस थबकतो.

मी म्हटलं, "अण्णा, कमळं."

"कमळ नव्हे, कुमुद. कमळाचं पान पाण्यातून वर उठतं. हे पाण्यावर झोपतं." मास्तर जागे झाले होते.

पुलावर लोक फोटोसाठी आळीपाळीनं उभे राहत होते. आमची पाळी आली. अण्णांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं, पुढे वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मागचे लोक कुजबुजायला लागले. मी जवळ गेले.

"वृंदा," ते अगदी हळू म्हणाले, "मला नुसता उजेड दिसतोय गं. उजेड आणि त्यात काळपट तांबूस गोळे. तू सांग ना."

मी सांगायला लागले. पानं पिवळसर हिरवी, कडेला तपकिरी. फुलं फिकट गुलाबी, मध्ये पिवळं. सावलीतलं पाणी निळसर काळं. माझं मलाच ते लॅबच्या रिपोर्टसारखं वाटत होतं. शब्द सगळे बरोबर होते आणि त्यातून तळं काही दिसत नव्हतं. अण्णा माझं मन राखायला मान डोलवत होते.

तेवढ्यात रेवा आमच्या मध्ये घुसली. तिनं आजोबांचा हात धरला आणि मराठीत बोलायला सुरुवात केली. रेवा. मराठीत.

"ते एक आहे ना, जवळचं, ते बाहेरून पांढरं आणि आतून गुलाबी. मांजराचा कान असतो तसं. आणि त्याच्या मागचं अजून उठलं नाहीये. झोपलंय. त्याच्यावर एक… लिबेले… उडणारं, हेलिकॉप्टरसारखं…"

"चतुर," अण्णा म्हणाले.

"हां, चतुर बसलाय. निळा. आणि पाण्यात ढग आहे, तो पानाच्या खालून चाललाय. आता पानात गेला. थांबा. थांबा. आता आला बाहेर."

व्याकरण मोडकं, मध्ये मध्ये जर्मन शब्द. पण अण्णा आता पाण्याकडे बघत नव्हते. डोळे मिटून ऐकत होते आणि हसत होते. मागच्या रांगेला मी जर्मनमध्ये सॉरी म्हटलं आणि पाठ फिरवून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं.

बाहेर पडल्यावर मी रेवाला बाजूला घेतलं. तुला माहीत होतं? "मे महिन्यापासून," ती जर्मनमध्ये म्हणाली. "माझे रंगीत पत्ते खेळताना आजोबांना निळे आणि हिरवे सारखेच दिसतात. मी मुद्दाम हरते." जरा थांबून म्हणाली, "मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना माहीत असेल."

बुधवार

मादामनी निघताना अण्णांना लॅव्हेंडरची जुडी दिली, अण्णांनी त्यांना उरलेलं मेतकूट दिलं आणि ते भातावर घ्यायचं हे खुणांनी दाखवलं. त्यांनी ते कशावर घेतलं असेल, देव जाणे.

पॅरिसमध्ये आम्ही एकच गोष्ट पाहिली. ज्या मनोऱ्यासाठी जग तिथे जातं तो गाडीतून लांबून दिसला, अण्णांनी तिकडे वळूनही पाहिलं नाही. शहराच्या पश्चिमेला, झाडीतल्या एका जुन्या हवेलीत ते संग्रहालय आहे. तळघरातल्या मोठ्या दालनात तळेवाल्यांची चित्रं.

आधी ओळखीचं तळं होतं, निळं-हिरवं. त्यापुढे एका भिंतीवर पूल. शेजारी त्याच पुलाची आणखी चित्रं. पण कसला पूल! लाल, तपकिरी, जळका पिवळा, रंगांची नुसती गुंतवळ. कमान कुठे आहे तेही शोधावं लागत होतं. माझ्या शेजारी एक जर्मन जोडपं उभं होतं. बाई नवऱ्याला म्हणाली, याच्यापेक्षा आधीचीच बरी होती, आणि दोघं पुढे गेली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

अण्णा त्या चित्रासमोर थांबले. जवळ गेले, इतके जवळ की कोपऱ्यातला रखवालदार खुर्चीवरून उठला. मग दोन पावलं मागे आले.

"हे मला बरोबर दिसतंय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अगं, काल मी पुलावरून पाहिलं ते हेच. असंच होतं." त्यांचा आवाज चढला होता. "लोकांना वाटत असेल, म्हाताऱ्याचा हात बिघडला. हात अजिबात बिघडलेला नाही. बघ, हा फटकारा बघ. जसं दिसतंय तसं काढलंय त्यानं, एक रेघ खोटी नाही."

त्या चित्रासमोर आम्ही पाऊण तास होतो. रखवालदार शेवटी स्वतःच एक स्टूल घेऊन आला. अण्णांनी बसून घेतलं. मग म्हणाले, "पुढे काय झालं ते लिहिलंय का कुठे?"

भिंतीवर फ्रेंचमध्ये मजकूर होता आणि माझ्याकडे जर्मन माहितीपुस्तिका होती. मी आणि रेवानं मिळून लावला. शेवटी ऑपरेशन केलं. उजव्या डोळ्याचं. नंतर कित्येक महिने तो चिडलेला होता. रंग चुकीचे दिसतात, सगळं निळं दिसतं, म्हणून डॉक्टरला पत्रं लिहायचा. मग नवे चष्मे झाले, हळूहळू नजर बसली आणि तो पुन्हा कामाला लागला. मोठमोठी चित्रं त्यानं शेवटपर्यंत रंगवली.

"चिडला होता ना? चिडणारच. डाव्या डोळ्याचं?"

"केलं नाही. एकाच डोळ्याचं करून घेतलं."

"एकच?"

"एकच."

अण्णा पुलाकडे बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "दोन्ही एकदम करतात असं मला वाटत होतं," ते म्हणाले. "एक हाताशी ठेवून करता येतं, हे कोणी सांगितलंच नाही."

डॉक्टरांनी नक्कीच सांगितलं असणार. पण मी पुस्तिका मिटून पर्समध्ये टाकली.

परतीच्या वाटेवर मेट्झच्या जवळ डिझेल भरायला थांबले. पैसे देऊन आले तर अण्णा गाडीला टेकून उभे, आणि हात पुढे. "मोबाइल दे. अमोलला लाव."

मी लावून दिला आणि चार पावलं लांब गेले, तरी ऐकू आलंच. "हं, अमोल. मजेत आहे. ऐक, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दोन्ही. चार वर्षं. हो, लपवलं. वृंदाला काही बोलू नकोस, तिला मीच गप्प बसवलं होतं. आता आधी माझं ऐकून घे. डाव्याचं करायचं. सांगलीलाच. उजव्याला कोणी हात लावायचा नाही." पलीकडून बहुधा बराच वेळ काही आवाज आला नाही, कारण अण्णा दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "अरे, रडतोस काय? ये की. तू असलास तर बरंच होईल."

अमोल सप्टेंबरमध्ये सांगलीला गेला. ऑपरेशनच्या दिवशी मी लॅबमध्ये काय काम केलं ते मला आठवत नाही. दोन निळ्यांमधला फरक त्या दिवशी मला तरी दिसला नसता. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती. आमच्याकडे सकाळचे सात वाजले होते, रेवा दप्तर भरत होती. फोन वाजला. अमोल असेल म्हणून मी घेतला, तर अण्णाच.

"कसं दिसतंय अण्णा?" मी विचारलं.

"निळं," ते म्हणाले. "सगळं निळं. भिंत निळी, नर्सचा पांढरा डगला निळा, अमोलचे केस निळे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका, चारआठ दिवसांत मेंदूला सवय होते, आपोआप कमी होईल."

"मग ठीक आहे. घाबरला नाहीत ना?"

"छे गं. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, कमी व्हायची काही घाई नाही. एवढा निळा मी फार वर्षांत बघितलेला नाही."